गजराबाईचं पिकलं पाणी

जुन्नरच्या आठवडे बाजारात लग्नाची भांडी घ्यायला आलेली मंडळी दुकानदाराला हमखास एक गोष्ट विचारतात, "नाव गजराबाईकडंच घालून देताय ना?" दुकानदार मुकाट्यानं मान डोलावतो. तसे भांड्यावर नाव घालणारे दुसरेही आहेत. विजेची पेन्सिल घेऊन कर्रकर्र करत बसतात, कळशीवर डास बसल्यासारखी अक्षरं उमटवतात, आणि दोन-चार दिवाळ्या चिंचेनं घासली की मामाच्या नावातला एखादा काना तेवढा शिल्लक राहतो. गजराबाईनं घातलेलं नाव तसं जात नाही. त्यावरून बोट फिरवलं तर अक्षर बोटाला लागतं. "भांडं फुटंल, पण नाव पुसायचं न्हाई," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, आणि ते सांगताना तिच्या आवाजात जी ऐट असते ती काही जणांना खुपते. खुपू दे की! हातात कसब असलेल्या माणसानं ऐट करायची नाही, तर काय रिकाम्या हातांनी फिरणाऱ्यांनी करायची?

तिची बोटं मात्र बघण्यासारखी आहेत. नखांच्या कडा, पेरं, तळहाताच्या रेघा, सगळं कसं तांबूस-पिवळं. हातमोजे घातले तरी डाग कुठून तरी शिरतोच. लग्नाकार्यात बायका हळूच विचारतात, "बाई, मेंदी का?" गजराबाई आधी पदराखाली हात घ्यायची. अलीकडं म्हणते, "मेंदीच. माझी कधी उतरतच न्हाई."

हा डाग तिच्या पाण्याचा. तांब्या-पितळेला खाणारं हे पाणी ती राजुरीला आपल्या घरामागं, लिंबाच्या आडोशाला, वाऱ्याकडं पाठ करून स्वतः बनवते. भोसरीच्या कारखान्यात त्याला फेरिक क्लोराईड म्हणायचे. गजराबाई म्हणते पिकलं पाणी. आता नाव कुणी काहीही ठेवो, कृती तीच. लेथवर निघालेला लोखंडाचा कीस सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन तेलकटपणा काढायचा. मग प्लॅस्टिकच्या पिंपात तो कीस घालून त्यावर मिठाचं तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, ओतायचं. ते फसफसतं, वाफ नाकाला झोंबते, जवळपास काडी ओढायची कुणाची टाप नाही. फसफस थांबली की कापडातून गाळायचं. खाली येतं ते हिरवं, कैरीच्या पन्ह्यासारखं. हे कच्चं. त्यात पेरॉक्साईड थेंबाथेंबानं सोडत गेलं की ते गरम होतं आणि रंग पालटत पालटत काळ्या गुळाच्या पाकावर जातं. हे पिकलं. कच्चं पाणी तांब्याकडं ढुंकून बघत नाही, पिकलं पाणी तांबं खातं. खाऊन खाऊन मग स्वतःच हिरवट आणि आळशी होतं, तेव्हा त्याला पुन्हा पिकवावं लागतं. वाळवून खडा केला आणि उघडा ठेवला, तर हवेतलं पाणी पिऊन सकाळी ताटलीत त्याचं थारोळं झालेलं असतं. "लई हावरट हाय त्ये," गजराबाई म्हणते, आणि म्हणताना घरच्या द्वाड पोराचं कौतुक करावं तशी हसते.

ही विद्या तिला मिळाली ती नवी नवरी असताना. नवरा भोसरीत प्रेसवर कामाला होता. शेजारच्या कारखान्यात रेडिओच्या तांब्याच्या पट्ट्या बनायच्या, तिथं बायका भरती करत होते. पट्ट्यांवर औषध लावून त्या टाकीत बुडवायच्या. नको असलेलं तांबं टाकी खायची, हवं तेवढं राहायचं. त्या टाकीपाशी उभं राहायला कुणी तयार होईना. गजराबाई धनगराची पोर, मेंढरं बुचकळायच्या औषधी हौदात कोपरापर्यंत हात घालून वाढलेली. तिला कसली किळस आणि कसलं भ्या! वर्षभरात तिला नुसत्या रंगावरून कळायला लागलं की टाकी भुकेली आहे का दमलेली. साहेबानं एकदा सगळ्यांदेखत सांगितलं, "टाकीला गजराबाईंना विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही." ते वाक्य तिनं अजून जपून ठेवलंय. पुढं कारखाना बंद पडला, माणसं गावाकडं आली, नवरा गेला, मुलगा सोमनाथ शेती बघायला लागला. पण टाकी तिनं सोडली नाही. पिंप घेतलं, पितळेवर मेण-डांबराचा लेप द्यायला शिकली, घोंगड्या शिवायच्या दाभणानं त्या लेपात नाव ओढायला शिकली, आणि जिथं लेप निघाला तिथं पाण्यानं पितळ खाल्लं की झालं नाव. आता सून ऋतिका तिच्या हाताखाली तयार होतीये. सासूला आत्या म्हणते आणि सासूच्या पुढं एक पाऊल राहायला बघते, आणि सासूला ते मनातून आवडतं.

तर अशी ही बाई. नि तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तिच्या माहेराहून आलं.

माहेर म्हणजे काय, पाणी. येडगावच्या धरणाच्या पोटात तिची मेंढेवस्ती गेली तेव्हा ती परकर नेसून हिंडणारी पोर होती. वस्तीवरची माणसं काठावर वर सरकली, काही आंबेगावाकडं गेली, काही पुण्याला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या बिरोबाच्या चौथऱ्याचे दगड तेवढे डोकं वर काढतात. यंदा सगळ्यांनी मिळून काठावर बिरोबाचं नवं देऊळ बांधलं, आणि ठरवलं की पाण्यात गेलेल्या एकूणएक घराचं नाव असलेली पाटी चैत्रातल्या जत्रेला देवळात लावायची. पुढाकार होता गजराबाईचा थोरला भाऊ गेणू याचा.

गेणूच्या ओट्यावर बैठक बसली होती. गेणू म्हणाला, "पुण्यात लेझर मशीन हाय. स्टीलची पाटी, एका दुपारात हातात."

गजराबाई चहाचा कप खाली ठेवून उठलीच. "दादा, लाज वाटती का? साऱ्या तालुक्याच्या कळश्यांवर म्या नावं घातली, आन माझ्या माहेराचं नाव परकी मशीन घालणार? आन स्टील कशाला? तांब्याची पाटी करू. देवळात तांबं शोभतं."

"गजरे, कळशी येगळी, पाटी येगळी. येवढं मोठं काम बिघडलं तर? वर्गणीचं तांबं हाय."

"माझ्या हातून बिघडत न्हाई."

"आसं?"

"आसंच."

भावाबहिणीची ही जुगलबंदी बघून बाकीचे गालात हसत होते. शेवटी गेणूनं तोडगा काढला. तांब्याचा पत्रा आणून द्यायचा, गजराबाईनं पाटी करायची. "पण जत्रेच्या सकाळी पाटी देवळात पायजे. आली न्हाई, तर पुण्याची स्टीलची बसवणार. म्या तिकडं सांगून ठिवतो." गजराबाईनं साऱ्या बैठकीसमोर शब्द दिला. आता काय, माहेरच्या माणसांपुढं दिलेला शब्द! तो गेला तर कळश्यांवरची सगळी नावं पुसली गेली असं तिच्या लेखी होतं.

पुण्याच्या तांबट आळीतून पत्रा आला. त्यावर लेप देऊन गजराबाई दाभण घेऊन बसली. नावं घरच्या कर्त्या पुरुषांची होती, जशी कळश्यांवर असतात तशीच. तिच्या स्वतःच्या घराचं नाव होतं सोमाजी, तिचे वडील. ते लिहिताना तिचा हात जरा थांबला. कारण वस्तीवर घर ओळखलं जायचं ते आईच्या, सारजाबाईच्या नावानं. सोमाजीचा उजवा हात लांडग्यानं धरला आणि तो पुढं कधी नीट वळलाच नाही. तेव्हा सारजाबाईनं पदर खोचला आणि कातर हातात घेतली. बाई असून मेंढरं कातरती म्हणून आधी लोकांनी नावं ठेवली. मग बघितलं, की तिच्या हाताखालचं मेंढरू अंगावर ओरखडा न उमटता उठतं. मग हळूहळू सगळ्या वस्तीनं तिलाच बोलवायला सुरुवात केली. असं एक घर नव्हतं ज्याच्या मेंढरांवर सारजाबाईची कातर फिरली नाही. पण पाटीवर नाव घालायची रीत पुरुषाची, आणि गजराबाईनं उभ्या जन्मात तीच रीत चालवली होती. तिनं सोमाजी लिहिलं आणि पुढचं घर घेतलं.

अक्षरं ओढून झाली. आता पाणी पिकवायचं. पाटी मोठी आणि अक्षरं खोल हवीत, तेव्हा जुनं दमलेलं पाणी चालणार नव्हतं. पण लेथवाल्याच्या दुकानाचं शटर खाली. तो पोराच्या लग्नाला बाहेरगावी गेलेला. कीस संपलेला. जत्रा तोंडावर आलेली.

परड्यात सोमनाथनं काढून टाकलेल्या द्राक्षबागेच्या तारेचं भेंडोळं पडलं होतं. इकडं द्राक्षांच्या मुलखात ही तार घराघरात. कपडे वाळत घालायला, फाटक बांधायला, खाटेला, कशालाही. "लोखंडच की," गजराबाई म्हणाली. पकडीनं तारेचे तुकडे केले, पिंपात टाकले, तेजाब ओतलं. आणि काय सांगू, पिंप असं उसळलं की ऋतिका मागं सरली!

"बघ बघ, कसं झुंजतंय!" गजराबाईची छाती फुगली. "कीस कवाच आसं झुंजला न्हाई. उगा इतकी वर्सं लेथवाल्याच्या पाया पडत व्हतो."

झुंज लवकरच थांबली. गजराबाईनं गाळून घेतलं. ऋतिका पिंपात वाकून बघत म्हणाली, "आत्या, हे हिरवं न्हाई आलं. पाण्यासारखंच हाय."

"पिकलं की येईल रंग. तू पेरॉक्साईड आण."

पेरॉक्साईड पडलं. पाण्यात चिमूटभर हळद पडावी तेवढा पिवळेपणा आला, आणि थांबला. आणखी सोडलं. तेच. गजराबाईनं तांब्याचा एक तुकडा दोऱ्याला बांधून आत सोडला. दुपारचं जेवण करून येऊन काढला, तर तुकडा टाकला तसाच, चकचकीत, जणू अंघोळ करून आलेला.

गजराबाई पिंपाशेजारी उकिडवी बसली. गाळून उरलेल्या तारेचा एक तुकडा चिमट्यानं उचलून उन्हात धरला. वरची चांदीसारखी झिलई गेली होती आणि आतलं लोखंड काळंभोर, जसंच्या तसं. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. बागेची तार गंजू नये म्हणून तिच्यावर जस्त चढवलेलं असतं. ती उसळी जस्ताची होती! सगळं तेजाब जस्तानंच खाऊन टाकलं; लोखंडाला तोंड लावायला उरलंच नाही. हे तिला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. बागेला तार ओढताना जस्ताची तारच दे म्हणून हिनंच दुकानदाराशी भांडण केलं होतं. ऐटीत विसरली, दुसरं काय.

"आत्या, आता?" ऋतिकानं विचारलं.

"आता काय, माझं थोबाड फोड," गजराबाई म्हणाली. मग पदरानं तोंड पुसून उठली. "चल गाडी काढ. बाजारातून बिनमुलाम्याचे खिळे आणू. पण आधी दादाकडं जायचं. माझ्या तोंडानं सांगितलेलं बरं. न्हाईतर म्हणंल, गजरीनं लपवलं."

ऋतिकाच्या स्कूटरवर मागं बसून ती येडगावच्या काठाला गेली. गेणू ओट्यावर खाटेच्या दोऱ्या आवळत बसला होता. गजराबाई उभ्या उभ्याच म्हणाली, "दादा, म्या चुकले. बागेची तार टाकली. पाणी पिकलं न्हाई. खिळे आणून पुन्हा पिकवते, पण येळेत झालं तर झालं. तू पुण्याला फोन करून ठिव."

गेणू हसला नाही. ती हसण्याची वाट बघत होती. हसला असता तर चार शब्द ऐकवून मोकळी झाली असती. तो उठला, घरात गेला. आतून देव्हाऱ्यासमोरची घंटी वाजली. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात लाल फडकं होतं.

फडक्यात सारजाबाईची कातर होती. पाणी चढायला लागलं त्या दिवशी वस्तीवरून आईनं कमरेला खोचून आणलेली तेवढीच एक वस्तू. गेणू दर खंडेनवमीला तिला हळद-कुंकू लावायचा, आणि एरवी कुणाला हात लावू द्यायचा नाही. नातवानं एकदा खेळायला घेतली, तर घर डोक्यावर घेतलं होतं यानं.

"ह्याच्यावर जस्त न्हाई," गेणू म्हणाला. "ओतूरच्या लोहाराच्या घणाखालचं हाय."

"येड लागलं का तुला! आयची कातर तेजाबात घालू? खिळे मिळत्यात की बाजारात."

"मिळत्यात. मला ठावं हाय." गेणूनं फडकं तिच्यापुढं धरलं. "तू सोमाजी लिव्हलंस ना पाटीवर?"

"रीतच हाय ती."

"रीत हाय. म्या पण कागदावर तेच लिव्हून दिलं. तवापासून झोप न्हाई मला. समद्या वस्तीची मेंढरं जिनं कातरली, तिचं नाव कुठंच न्हाई. आता पाटी बदलाया लागलो तर घराघरातून भांडणं व्हतील, ज्येची त्येची आय हायच. पण हे लोखंड कुणाला इचारून घालायचं न्हाई. घे म्हणतो ना. एक पातं घे, एक माझ्यासाठी राहू दे."

गजराबाईनं कातर हातात घेतली आणि भाऊ-बहीण दोघंही, साठीला आलेली माणसं, ओट्यावर बसून धाय मोकलून रडली. ऋतिकानं स्कूटरचा आरसा पुसत बसल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरामागं कानशीचा आवाज सुरू झाला. कातरीची दोन पाती जोडणारी रिपीट काढून एक पातं पकडीत धरलं. सोमनाथ म्हणाला, "ग्राइंडर लावतो." गजराबाई म्हणाली, "तेवढं सोपं करू नगंस." सासू थकली की सून, सून थकली की लेक, असं करत पात्याचा सगळा भुगा झाला. तेजाब ओतलं. ह्या वेळी उसळी नाही. जुनं ठोकलेलं लोखंड सावकाश, बारीक बुडबुडे सोडत विरघळत राहिलं. चैत्राच्या उन्हानं पिंप तापलं तसं जरा हुशारलं. तळाशी काळा गाळ राहिला. कापडातून गाळलं आणि खाली उतरलं ते हिरवं. कैरीच्या पन्ह्यासारखं, स्वच्छ हिरवं.

"आलं, आत्या!" ऋतिका ओरडली.

"गप. अजून कच्चं हाय," गजराबाई म्हणाली.

पेरॉक्साईड थेंबाथेंबानं तिनं ऋतिकाला सोडायला लावलं. हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं तांबूस, आणि मग तो काळ्या गुळाचा रंग. पाटी तिनं तोंड खाली करून पसरट टबात तरंगत टांगली, म्हणजे खाल्लेलं तांबं खाली झडतं आणि अक्षराच्या कडा साफ राहतात. भोसरीच्या टाकीनं शिकवलेली खुबी. मधून मधून टब हलवत दोघी टबाशेजारी बसून राहिल्या. पाटी काढली, सोड्यानं धुतली, लेप उतरवला, चिंच फिरवली. गजराबाईनं डोळे मिटून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर बोटाला लागलं. तिनं ऋतिकाचं बोट धरून त्याच अक्षरावर ठेवलं.

जत्रेच्या सकाळी पाटी देवळात चढली. ढोल थांबले, भंडारा उधळला गेला, आणि माणसांची झुंबड पाटीसमोर लोटली. पुण्याहून आलेली पोरं मोबाईल काढून आपल्या आज्याचं नाव शोधत होती. एकानं विचारलंच, "लेझरचं काम का?" गजराबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मोबाईल खिशात घातला.

वस्तीवरचे सगळ्यात म्हातारे चिमाजीबाबा नातवाचा खांदा धरून पुढं आले. त्यांना आता दिसत नाही. त्यांनी पाटीवर हात फिरवायला सुरुवात केली, अक्षर अक्षर चाचपत, ओठ हलवत. बापाच्या नावावर आले तेव्हा हात थांबला आणि चेहरा पोरासारखा उजळला. मग हात पुढं निघाला, सगळी पाटी संपवून खालच्या कडेला आला आणि तिथंच घुटमळला.

"आन सारजाबाई?" चिमाजीबाबा मोठ्यांदा म्हणाले. "आमची मेंढरं कातरायची ती. तिचं नाव कुठं हाताला लागंना."

गेणूनं लाल फडक्यातून उरलेलं पातं काढलं, म्हाताऱ्याच्या एका हातात दिलं, आणि त्याचा दुसरा हात धरून पुन्हा पाटीवर ठेवला.

"दुसऱ्या पात्याचं पाणी केलं, बाबा," तो म्हणाला. "त्या पाण्यानं ही अक्षरं खाल्ल्यात. माझी आय समद्या नावांत हाय. फिरवा हात."

चिमाजीबाबांनी हात फिरवला. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत, फार सावकाश. मग म्हणाले, "खोल गेलंय पोरी."

"जाणारच," गजराबाई म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाजात तीच नेहमीची ऐट होती, आणि तिचे दोन्ही तांबूस हात आज पदराबाहेर होते. "आन पुसायचं न्हाई."